संगणक घरी आला. आता त्यावर काय काय असावे?

पुण्यात संगणक खरेदी केला, मग तो बुधवार पेठेतील लहानशा दुकानातून असो वा एखाद्या प्रशस्त दालनातून, विक्रेता एक प्रश्न हमखास विचारतो : "यावर काय काय टाकून देऊ?" प्रथमच संगणक घेणाऱ्या गृहस्थाजवळ या प्रश्नाचे उत्तर नसते. "सगळ्यांना देता तेच द्या," असे तो सांगतो आणि पंचवीस-तीस उपयोजने भरलेला संगणक घरी येतो. त्यांपैकी निम्म्यांची नावेही त्याच्या पुढे ध्यानात राहत नाहीत. ज्याची त्याला खरी निकड असते, ते मराठीत लिहिण्याचे साधन मात्र बहुधा कोणी सुरू करून दिलेले नसते.

उपयोगी उपयोजनांच्या याद्या हल्ली पुष्कळ मिळतात. परंतु यादी हाती घेण्यापूर्वी निवडीची कसोटी ठरविणे अगत्याचे आहे. मी आज या संगणकावर जे लिहीन, ते दहा वर्षांनी, दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या माणसाला वाचता येईल काय? ज्या उपयोजनामुळे या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी येते, ते आधी घ्यावे. बाकीची सावकाश घेतली तरी चालतात.

ही कसोटी एका कटू अनुभवातून सुचली. सदाशिव पेठेत राहणाऱ्या, माझ्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांनी २००३ साली आपल्या मूळ गावाचा इतिहास लिहून काढला. जुनी कागदपत्रे, वतनांच्या नोंदी, वृद्धांच्या तोंडून ऐकलेल्या हकिगती असा तो दोनशे पानांचा ऐवज होता. एका अक्षरजुळणी करणाऱ्याकडून त्यांनी तो संगणकावर उतरवून घेतला, थोड्या प्रती छापल्या आणि मूळ मजकूर तबकडीवर घालून कपाटात जपून ठेवला. २०१९ साली गावकऱ्यांनी दुसऱ्या आवृत्तीची मागणी केली. तबकडी शाबूत होती, फाइलही उघडली; पण पडद्यावर मराठीचे एक अक्षर दिसेना. इंग्रजी अक्षरे, डॉलरची चिन्हे, स्वल्पविराम आणि कंस यांचा पानेच्या पाने पसारा! ज्या फॉन्टमध्ये मजकूर जुळविला होता तो कोठे मिळेना आणि जुळणी करणारे गृहस्थ केव्हाच शहर सोडून गेले होते. "अहो, माझेच लिखाण माझ्यासमोर आहे आणि मला ते वाचता येत नाही," हे सरांचे उद्गार मी विसरलेलो नाही.

अक्षरे गेली कोठे?

संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला केवळ क्रमांक कळतात. आरंभीच्या काळात हे क्रमांक इंग्रजी अक्षरांपुरतेच ठरलेले होते. तेव्हा मराठी छापणाऱ्यांनी एक युक्ती योजली. क्रमांक इंग्रजी अक्षराचाच ठेवावयाचा आणि फॉन्टमध्ये त्या जागी चित्र मात्र देवनागरीचे बसवावयाचे. उदाहरणार्थ, हिंदी पट्ट्यात प्रचलित असलेल्या कृतिदेव फॉन्टमध्ये 'डी'च्या जागी 'क', 'के'च्या जागी काना आणि 'ई'च्या जागी 'म' आहे. म्हणजे पडद्यावर 'काम' दिसत असले, तरी संगणकाच्या पोटात 'डी-के-ई' ही तीन इंग्रजी अक्षरेच साठविलेली असतात. फॉन्ट काढून घेतला की सोंग उतरते. त्यातही प्रत्येक निर्मात्याची मांडणी निराळी, त्यामुळे एका फॉन्टमधील मजकूर दुसऱ्यात घेतला तरी अर्थहीन होई.

या युक्तीला नावे ठेवणे मात्र कृतघ्नपणाचे होईल. मराठी संगणकावर आणण्याच्या कामी पुणे शहराने मोठा वाटा उचलला आहे. १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली या केंद्राने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्याच केंद्रातील 'जिस्ट' गटाचे कार्य तितकेसे गाजले नाही. परंतु सामान्य माणसाच्या दृष्टीने ते अधिक जवळचे होते. कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये उगम पावलेले हे तंत्र सी-डॅकमध्ये वाढीस लागले. संगणकात एक विशेष कार्ड बसविले की इंग्रजीसाठी घडविलेल्या यंत्रावर देवनागरी अक्षरे उमटत. पुढे त्याच केंद्राची 'आयएसएम' ही प्रणाली आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची 'श्रीलिपी' यांवर मराठी नियतकालिके, पाठ्यपुस्तके आणि लग्नपत्रिका वर्षानुवर्षे निघत राहिल्या. ही साधने त्या काळाची गरज होती.

कायमचा तोडगा निघाला तो युनिकोडमुळे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या या आंतरराष्ट्रीय प्रमाणात देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र गट राखून ठेवण्यात आला, आणि त्याची मांडणी भारतानेच तयार केलेल्या 'इस्की' या संकेतावर आधारलेली होती. युनिकोडमध्ये 'क'चा क्रमांक २३२५ आहे आणि 'ख'चा २३२६. फॉन्ट कोणताही असो, संगणक पुण्यातला असो वा टोकियोतला, २३२५ म्हणजे 'क'च. त्यामुळे असा मजकूर शोधता येतो, अकारविल्हे लावता येतो, पत्राने पाठविता येतो, आणि मुख्य म्हणजे तो कोणा एकाच्या फॉन्टवर अवलंबून राहत नाही. २००० सालच्या विंडोजमध्ये देवनागरीची सोय अंगभूत आली, तिच्याबरोबर 'मंगल' हा फॉन्टही आला. त्याची रचना र. कृ. जोशी यांची. सुलेखनकार आणि कवी असलेल्या एका मराठी माणसाचे अक्षर अशा रीतीने जगभरच्या संगणकांत पोहोचले.

पहिले साधन : मराठी कळफलक

यावरून नव्या संगणकावर पहिले काम कोणते, हे उघड आहे. त्यासाठी काहीही विकत घ्यावे लागत नाही. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधील 'टाइम अँड लँग्वेज' या विभागात जाऊन भाषांच्या यादीत मराठीची भर घालावी. त्यानंतर विंडोजची कळ दाबून ठेवून स्पेसबार दाबला, की कळफलक इंग्रजीवरून मराठीवर जातो. पुन्हा तसेच केले की परत येतो.

येथे नवशिक्यापुढे दोन वाटा येतात. एक उच्चारानुसारी : इंग्रजीत 'नमस्कार'चे स्पेलिंग करावे आणि पडद्यावर मराठी शब्द उमटावा. दुसरी इनस्क्रिप्ट, म्हणजे भारत सरकारने सर्व भारतीय लिप्यांसाठी प्रमाण ठरविलेली मांडणी. पहिली वाट पहिल्या दिवशी सोपी वाटते. माझे मत विचाराल तर मी इनस्क्रिप्टच्याच बाजूने आहे. आपल्या बाराखडीचे तर्कशास्त्र तीत उतरले आहे. स्वर आणि त्यांच्या मात्रा डाव्या हाताशी, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताशी. त्यामुळे हात आलटून पालटून पडतात आणि लिहिण्यास आपसूक लय येते. 'पुणे' हा शब्द पाहा : 'एच'च्या कळीवर 'प', 'जी'वर ऱ्हस्व उकार, शिफ्ट धरून 'सी'वर 'ण' आणि 'एस'वर मात्रा. चार वेळा बोट पडले, शब्द पूर्ण झाला. मनातल्या मनात इंग्रजी स्पेलिंग करण्याचा खटाटोप नाही. जोडाक्षरासाठी 'डी'च्या कळीवर हलन्त आहे. 'दऱ्या', 'सुऱ्या' यांतील चंद्रकोरीसारखा 'र' अनेकांना सापडत नाही. तो शिफ्टसह 'जे' दाबून, मग हलन्त, मग 'य' अशा क्रमाने मिळतो. रोज अर्धा तास सराव केला तर दोन-तीन आठवड्यांत बोटे कळा ओळखू लागतात. ज्यांना पत्रापलीकडे काही लिहावयाचे नाही, त्यांनी उच्चारानुसारी मार्ग खुशाल पत्करावा. दोहोंतून निघणारा मजकूर युनिकोडच असतो.

फॉन्टचा प्रश्न आता दुय्यम झाला आहे. राज्य मराठी विकास संस्थेचे 'यशोमुद्रा' व 'यशोवेणू', पुण्यातील अभियंत्यांनी जोपासलेला 'लोहित', मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त' हे सर्व विनामूल्य मिळतात आणि छपाईत सुरेख दिसतात. दोन-तीन पुरेत.

लेखन आणि हिशेब

पत्र, अर्ज, इतिवृत्त, लेख यांसाठी शब्दलेखनाचे आणि जमाखर्चासाठी रकान्यांच्या तक्त्याचे उपयोजन लागते. मायक्रोसॉफ्टचे वर्ड आणि एक्सेल बहुतेकांच्या कानावर असतात. ती साधने उत्तम आहेत, पण परवान्याचे मोल मोजावे लागते. पुष्कळ ठिकाणी ती विनापरवाना 'टाकून' दिली जातात. असे चोरून बसविलेले उपयोजन हे संगणकात विषाणू शिरण्याचे एक मोठे दार असते, एवढेच सांगून तो विषय सोडतो. घरगुती गरजेसाठी लिबरऑफिस हे मुक्त उपयोजन पुरेसे आहे. २०१० पासून स्वयंसेवकांच्या बळावर चालत आलेल्या या संचात लेखन, तक्ते आणि सादरीकरण या तिन्ही सोयी आहेत. त्याच्या सूचना आणि पर्यायही मराठीत दिसू शकतात. त्यात मजकूर ज्या ओडीएफ स्वरूपात साठविला जातो, ते २००६ पासून आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. त्याची रचना उघड असल्यामुळे ते वाचणारे उपयोजन कोणीही तयार करू शकतो. सरांच्या तबकडीवरील फाइलला नेमका हाच आधार नव्हता. वर्डमधून आलेल्या फाइलीही यात उघडतात. क्वचित मांडणी इकडची तिकडे होते, हे मान्य केले पाहिजे.

मराठीसाठी एक खूणगाठ बांधून ठेवावी. लिबरऑफिसच्या भाषाविषयक पर्यायांमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' या नावाखाली मराठीची निवड करावी लागते, आणि अक्षराचा आकार व फॉन्ट इंग्रजीसाठी वेगळा, मराठीसाठी वेगळा ठरविता येतो. हे ठाऊक नसल्यामुळे "इंग्रजी मोठे होते, मराठी होत नाही" अशी तक्रार घेऊन लोक दुकानात जातात. मराठी शुद्धलेखन तपासण्याची जोडही मिळते. मात्र विभक्तीची रूपे पाहून ती कधी कधी बरोबर शब्दाखालीही लाल रेघ ओढते. तिचा सल्ला ऐकावा, हुकूम मानू नये.

तक्त्याचा खरा उपयोग पाहावयाचा तर एखाद्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सचिवाकडे पाहावे. सदनिका क्रमांक, सभासदाचे नाव, मासिक देखभाल वर्गणी, थकबाकी आणि भरण्याची तारीख असे रकाने पाडले, की बेरजा आपोआप होतात आणि थकबाकीदारांची यादी क्षणात वेगळी निघते. पूर्वी वार्षिक सभेच्या आदल्या रात्री खातेवहीतील बेरीज जुळविण्यात जागरण होई, ते टळते. भजनी मंडळ, महिला बचत गट, वाचनालयाची पुस्तकसूची यांनाही हीच रीत लागू पडते. रकमा मात्र इंग्रजी अंकांत लिहाव्यात. काही उपयोजने देवनागरी अंक मजकूर म्हणून धरतात आणि बेरीज शून्य येते.

दुसऱ्याला पाठवावयाचा अंतिम कागद पीडीएफ स्वरूपात करावा. लिबरऑफिसमध्ये त्यासाठी स्वतंत्र कळ आहे. पीडीएफमध्ये अक्षरांची रूपे कागदासोबतच जातात, त्यामुळे समोरच्याच्या संगणकावर मांडणी ढळत नाही. मूळ फाइल मात्र टाकून देऊ नये. पीडीएफमधून मराठी मजकूर पुन्हा काढू गेल्यास तो पुष्कळदा विस्कटतो.

वाचन, कोश आणि शासकीय सेवा

महाजालासाठी न्याहाळक लागतो. क्रोम, एज वा फायरफॉक्स यांपैकी कोणताही चालेल. फायरफॉक्स मराठीतूनही वापरता येतो. या एका उपयोजनातून मराठी वाचकाला जे ग्रंथभांडार खुले होते, त्याची कल्पना पुष्कळांना नाही. वाईहून निघालेला मराठी विश्वकोश घरबसल्या, विनामूल्य वाचता येतो. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि १९३२ पासून पुण्यातून खंडशः प्रसिद्ध झालेला दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही शब्द घालून शोधता येतात. जाडजूड खंड काढण्यासाठी ज्यांनी ग्रंथालयाच्या शिड्या चढल्या, त्यांना याचे मोल अधिक कळेल. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया तर वाचकांनीच लिहावयाचा ज्ञानकोश आहे. कळफलकाचा सराव करण्यास त्याहून चांगली जागा नाही.

याच न्याहाळकातून शासनाच्या सेवाही मिळतात. उत्पन्न, अधिवास आदी दाखल्यांसाठी 'आपले सरकार' हे संकेतस्थळ आहे. सातबारा उतारा डिजिटल स्वाक्षरीसह काढता येतो, आणि त्यावरील पडताळणी क्रमांकामुळे तो खरा की बनावट हे घेणाऱ्यालाही तपासता येते. अशी कामे करताना संकेतस्थळाचा पत्ता निरखून पाहावा. शासकीय पत्त्याचा शेवट सामान्यतः 'गव्ह डॉट इन' असा असतो. हुबेहूब दिसणारी नकली स्थळे इथेच उघडी पडतात. फसवणूक झालीच तर लाज वा संकोच न बाळगता १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

रक्षण आणि प्रत

विषाणूंपासून रक्षणासाठी विंडोजमध्ये स्वतःची व्यवस्था असते. ती बंद न करता अद्ययावत ठेवली तर घरगुती वापराला साधारणतः पुरते. अधिक सोयी हव्या असल्यास विकतची उपयोजने आहेत. त्यांतील क्विक हील हे पुण्याचेच अपत्य होय. कैलास व संजय काटकर या बंधूंच्या दुरुस्तीच्या लहान व्यवसायातून १९९०च्या दशकात ते जन्मास आले. एका वेळी एकच विषाणूरोधक ठेवावा. दोन ठेवल्याने दुप्पट रक्षण होत नाही, संगणक तेवढा मंदावतो.

विषाणूंपेक्षाही अधिक लिखाण गिळंकृत केले असेल ते नादुरुस्त झालेल्या डिस्कने. म्हणून महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि दुसरी घराबाहेर, मुलीकडे, भावाकडे वा महाजालावरील साठवणीत ठेवावी. महिन्यातून एकदा, दर्शिकेवर खूण करून हे काम उरकावे. प्रत काढल्यावर ती उघडून पाहण्यास विसरू नये.

उरलेल्यांविषयी थोडक्यात. ध्वनी व चित्रफितींसाठी व्हीएलसी, आकुंचित केलेल्या फाइली उघडण्यासाठी सेव्हन-झिप, ही दोन्ही विनामूल्य आहेत. दृष्टिहीनांसाठी अथवा मोतीबिंदूने दृष्टी मंदावलेल्यांसाठी एनव्हीडीए हे उपयोजन पडद्यावरील मजकूर वाचून दाखविते. ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये ते हाती घेतले. त्याच्यासोबत येणारा आवाज मराठीही वाचतो. तो यांत्रिक आहे, पण कामाचा आहे.

जुना संगणक विकत घेणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे : विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि पुष्कळ जुन्या यंत्रांवर विंडोज ११ बसत नाही. अशा यंत्रावर उबुंटू, लिनक्स मिंट किंवा सी-डॅकची 'बॉस' ही लिनक्स प्रणाली बसविता येते. उबुंटू वा मिंट पेनड्राइव्हवरून चालवून आधी पारखता येते, मूळ यंत्राला धक्का लागत नाही. वर सांगितलेल्यांपैकी लिबरऑफिस, फायरफॉक्स, व्हीएलसी आणि इनस्क्रिप्ट कळफलक तेथेही जसेच्या तसे मिळतात.

सरांच्या पुस्तकाचे काय झाले, असे कोणी विचारील. २००३ च्या आवृत्तीची एक प्रत त्यांच्या बहिणीकडे सापडली. तिची पाने स्कॅन केली आणि चित्रातील अक्षरे ओळखून युनिकोड मजकूर देणाऱ्या टेसेरॅक्ट या मुक्त उपयोजनाला ती दिली. ते मराठी ओळखते, पण जोडाक्षरांवर अडखळते. जुन्या दस्तऐवजांतील 'ज्ञ' आणि 'द्य' त्याने नाना परींनी वाचले. दुरुस्तीला तीन महिने लागले. त्यातली शेवटची साठ पाने सरांनी इनस्क्रिप्ट शिकून स्वतःच्या हाताने दुरुस्त केली, तेव्हा त्यांचे वय ७८ होते.